खुरप्याच्या अकरा कड्या

अहो,

परवा तुमचं तेरावं पार पडलं. बुंदी जरा कडक झाली होती, पण लोकांनी मागून मागून खाल्ली. पाहुणे पांगले तशी मंगलने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली ओढली. लेक तुमचीच. बसून रडणार नाही, काहीतरी उपसत बसेल. झाकण उघडून म्हणते, "आई, बाबांच्या ह्या चिलखताचं काय करायचं गं? भंगारात द्यायचं, की शाळेच्या गॅदरिंगला देऊन टाकू?"

मी झाकण लावलं आणि पेटीवरच बसले.

"आई, ऊठ, चेपेल ती."

"चेपू दे," म्हटलं.

तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय. सात वर्षं राहिलंय. जेवायला वाढताना कितीदा ओठांवर आलं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायचात, "मीठ दे," आणि मी मीठ द्यायची. आता वहीत लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, पण तुम्ही आणलेली सगळी पुस्तकं तुमच्याआधी मी वाचली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका. आणि मध्येच उठून जाऊ नका, एवढंच सांगणं आहे. आता उठून कुठे जाणार म्हणा.

सातपूरच्या कारखान्याने तुम्हाला घरी बसवलं ते वर्ष आठवतं? पंचवीस वर्षं फिटर, आणि एका सकाळी डबा भरायचं कामच उरलं नाही. दोन महिने तुम्ही पलंगावर पडून पंख्याकडे बघत होतात. चहा गार झाला म्हणून एकदा कप भिंतीवर फोडलात. तो डाग दोनदा रंग दिला तरी वर येतो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तुमचा हात माझ्यावर उठायचा, तेही मी विसरलेली नाही. तेराव्याला जो तो म्हणत होता, नाना म्हणजे देवमाणूस. मी मान डोलावली. झालात देवमाणूस, पण नंतर झालात. कसे झालात ते त्यांना कुठे माहीत?

शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून सुरू झालं ते. घोड्यावरच्या माणसाच्या अंगात चंदेरी रंग मारलेला स्वेटर आणि वर पत्र्याचं चिलखत. घोडा ढोलाला बिचकून उधळला, आणि त्या पत्र्याच्या कडेनेच त्याची मान कापली. रक्त स्वेटरवरून ओघळत होतं, तरी पुढे ढोल वाजतच होते. तुम्ही गर्दीत घुसून तुमच्या उपरण्याने त्याची मान दाबून धरलीत. घरी आलात ते बडबडत, "चिलखताने वाचवायला पाहिजे गं, कापायला नाही." दोन महिन्यांत तुमच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मला इतका आनंद झाला की त्या बिचाऱ्याच्या मानेचं मी विचारलंच नाही.

मग पुण्याला गेलो. तिथल्या संग्रहालयात काचेमागे कडीकडीचं चिलखत टांगलेलं. तुम्ही नाक काचेला लावून तासभर उभे. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, पुढे सरका." तुम्ही त्यालाच धरून सांगायला लागलात, "एकेक कडी चार कड्यांतून गेलीय, बघ. प्रत्येकीची टोकं बारीक रिबीट ठोकून जोडलीत, खिळ्यासारखं. आणि हे लोखंड बाजारचं नाही, दगडमातीतून काढलेलं आहे." परतीच्या एसटीत तुम्ही जाहीर केलंत, "आपणही तसंच काढू."

"दगडातून?" मी म्हटलं. "कुठल्या, तुमच्या डोक्यातल्या का?"

तुम्ही हसलात. मला वाटलं, चला, माणूस हसला तर. करू दे काय करायचं ते.

गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या वाळूत काळे कण असतात, ते लोहचुंबकाला चिकटतात, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत होतं. गणपती मंडळाचा फाटका भोंगा आणलात, त्यातला लोहचुंबक काढलात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात आणि दोरी बांधून माझ्या हातात दिलात. हिवाळ्यात पाणी उतरलं की आपण दोघं वाळूतून तो ओढत फिरायचो. चुंबकाला काळ्या मिशा फुटायच्या. पिशवी उलटी केली की मिशा गळून घमेल्यात. कपडे धुणाऱ्या बाया विचारायच्या, "मावशी, सोनं सापडतंय का काही?" मी म्हणायची, "नवरा सापडतोय, बाई." त्या हसायच्या. मी मात्र खरंच सांगत होते.

मखमलाबादच्या आपल्या मळ्यात, माझे झेंडूचे वाफे संपतात तिथे तुम्ही छातीएवढी भट्टी उभी केलीत. माती, घोड्याची लीद, भाताचं तूस. बाभळीचा कोळसा. चामड्याचा भाता. विजेचा पंखा लावा म्हटलं तर अंगावर आलात, "महाराजांच्या काळी वीज होती का?"

"महाराजांच्या काळी भाता मारायला बायको होती का?"

"होती."

मग काय, मारला भाता. खांदे निखळायची वेळ आली. आणि पहिल्या तीन वेळा काय निघालं? काळी काच. लोखंडाचा पत्ता नाही. तिसऱ्या वेळी तुम्ही भट्टीला लाथ घातलीत. माणूस भिंतीला कप मारतो इथपर्यंत समजू शकते, पण पेटलेल्या भट्टीला लाथ? भिंत फुटली आणि निखारे तुमच्या पायावर. तुम्ही गुरासारखे ओरडलात. बादलीत मी उद्याच्या फुलबाजारासाठी झेंडू भिजत घातला होता, त्यातच तुमचा पाय कोंबला. चामडी सुटून फुलांबरोबर तरंगत होती. आणि तुम्ही दात खाऊन म्हणत होतात, "कोळसा कमी पडला." पायाची दोन बोटं तेव्हापासून एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. तुम्हाला न्यायच्या आधी पायांना हळद लावताना मी त्या बोटांवरून जरा जास्तच वेळ हात फिरवला. लोकांना वाटलं, मी रडतेय.

मग शेवंता आली. पेठ नाक्यापुढे लिंबाखाली घिसाड्यांचा तळ पडायचा, शेतकऱ्यांची खुरपी-विळे पाजवून द्यायला. ती आणि तिचा नवरा, त्याला बोलताना मी कधी ऐकलं नाही. शेवंता आपल्या भट्टीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "भट्टीला भूक लय हाय, अन् तुमी घास देता चिमणीएवढा. कोळसा वाढवा. भाता मधी थांबवू नका. अन् दादा, तुमी जरा गप बसा."

तुम्हाला गप बसायला सांगणारी ती पहिली बाई. तुम्ही बसलात.

त्या दिवशी लोखंड निघालं. पहारीने भट्टीचं तोंड फोडलं आणि आतून गोळा ओढला, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, डोळ्यांनी बघवत नव्हता इतका लाल. त्याला ठोकायचं होतं तापलेला असतानाच. तुम्ही सांडशीने धरलात आणि शेवंताने घण उचलला. पहिल्या घावाबरोबर गोळ्यातून वितळलेला मळ पिचकारीसारखा उडाला. तिच्या लुगड्याला सतरा भोकं, तुमच्या मिशीचा एक कोपरा जळाला. ती थांबली नाही. दुसरा घाव, तिसरा. लोखंड किंचाळतं हो, खरंच किंचाळतं. मी दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होते आणि मनात म्हणत होते, हे मला करायचंय.

तिनेच शिकवलं. घिसाड्यांत घण बाईच मारते, नवरा सांडशी धरतो. "हातानं नाय मारायचा, बाई. कमरेनं मारायचा. अन् नजर लोखंडावर. नवऱ्याकडं बघायचं नाय, त्याला काय बघायचं?" तुमच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी. तुम्ही हातोडीने लोखंडावर हलकेच टिक करायचात, आणि तिथेच माझा घण पडायचा. टिक, धाड. टिक, धाड. तुमची बोटं ऐरणीपासून वीतभर. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही सांगितलंत आणि मी ते तसंच्या तसं केलं, असं फक्त तिथेच झालं. आणि मी करणार याची तुम्हाला खात्री होती, असंही तिथेच.

शेवंताने जाताना एक सांगितलं होतं. "आमच्यात एक हाय. ज्या दिशी नवरा-बायकोचं वाजलं, त्या दिशी बाईनं घण नाय धरायचा. त्याचा हात ऐरणीवर असतो. मन फिरलं तर लोखंड कोन्तं अन् हात कोन्ता, घणाला काय कळतंय?"

मी विचारलं, "मग भांडण मिटेपर्यंत उपाशी बसायचं?"

"मंग लवकर मिटवायचं," ती म्हणाली आणि पोट धरून हसली.

त्या नियमाने आपलं घर बदललं. सकाळी चूळ भरून झाली की तुम्ही दारातून विचारायचात, "आज घण आहे का?" माझ्या मनात काही असलं तर मी म्हणायची, "नाही." मग तुम्ही पाटावर बसून, "काय झालं, सांग," म्हणायचात. भट्टीपायी का होईना, पण विचारायचात. नसलं तर, "आहे." एवढंच. घण उचलायला लागल्यापासून तुमचा हात माझ्यावर कधी उठला नाही. मंगल म्हणते, बाबा म्हातारपणी निवळले. मी म्हणते, माझे दंड बघ.

मग तार. सोनार ओढतात तशी भोकांच्या पट्टीतून ओढायची, मोठ्या भोकातून बारीक भोकात, झाडाला पट्टी बांधून, दोघांनी मागे रेलून. कड्या कापणं, टोकं चेपणं, त्यांना भोक पाडणं तुमचं. गुंफण माझी, आणि रिबीट ठोकणंही माझंच. माळ्याची लेक मी, वयाच्या पाचव्या वर्षापासून गजरे केलेत. बोटं आपोआप चालायची. तुम्ही म्हणायचात, "बघा, लोखंडाचा गजरा चाललाय." एक ओळ पुरी झाली की तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवायचात, डावीकडून उजवीकडे, डोळे मिटून. एखादं रिबीट कच्चं असलं की अंगठा थांबायचा. "ही." मी ती फिरून ठोकायची. असं पाच वर्षं चाललं. पाच वर्षांत अंगठा फसला नाही.

आणि चाचणी घ्यायची तुम्हाला कोण घाई. तुकडा तयार झाला की तो कशावर तरी चढवायचा आणि भाला खुपसायचा. भालाही आपल्याच लोखंडाचा. तांदळाच्या पेंढ्याचं पोतं झालं, भोपळा झाला. एकदा खाटकाकडून बोकडाची अख्खी बरगडी आणलीत, तिला चिलखत घालून बाभळीला टांगलंत आणि मला म्हणालात, "मार." मी मारला. कड्या टिकल्या, पण आत हाड मोडलं. तुम्ही हात घालून ते मोडलेलं हाड चाचपत बसलात, "कडी वाचवते, पण धक्का आत जातो. आत जाड कापसाची बंडी पाहिजे." त्या रात्री जेवताना मंगलच्या नवऱ्याच्या दाताखाली हाडाचे तुकडे आले. बिचाऱ्याने ते ताटाच्या कडेला काढून ठेवले, जावई होता. बंडी मीच शिवली. जुन्या गोधडीची, चार थरांची. ती बंडी नसती तर हा कागद मी सात वर्षांपूर्वी लिहिला असता.

आता ते सांगते.

कुंभमेळ्याच्या आदल्या हिवाळ्यात चिलखत पुरं होत आलं. डाव्या छातीखाली तळहाताएवढी जागा तेवढी उरली होती, आणि आपलं लोखंड पुरेना. धरणातून पाणी सोडलेलं, वाळू पाण्याखाली. तुम्हाला धीर नव्हता. चार दिवसांनी तार घेऊन आलात. मी विचारलं, "कुठून आणलं?" म्हणालात, "होतं थोडं." मी गुंफायला बसले. तीन दिवस रिबीटं ठोकली. शेवटच्या ओळीत अकरा कड्या उरल्या होत्या, तेव्हा राख टाकायला उकिरड्यावर गेले आणि राखेत मला मूठ दिसली. खुरप्याची मूठ. शिसवाची, आईच्या अंगठ्याने खड्डा पडलेली.

माझ्या आईचं खुरपं ते. ती वाफ्यातच गेली, हातात खुरपं घेऊन, झेंडूच्या सरीत उपडी. ते मी माहेरहून मागून आणलं होतं. त्याने कधी गवत काढलं नाही, नुसतं खुंटीला टांगून ठेवलं होतं. तुम्ही ते भट्टीत घातलंत. आपल्या उरलेल्या लोखंडाला जोडून, ठोकून, एकजीव करून त्याची तार काढलीत. आणि मी तीन दिवस तिच्यावर हातोडी मारत होते.

मूठ घेऊन मी तुमच्यासमोर आले. तुम्ही वर पाहिलंत. "जुन्या भट्टीचं लोखंड होतं गं ते. आता कुठे मिळतं?"

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

"मग?"

मूठ तुमच्या अंगावर फेकली मी. कपाळाला लागली, खोक पडली. तुम्ही ती पुसलीही नाहीत. म्हणालात, "गवत काढायचं खुरपं ते. आता माणसाची छाती वाचवेल. तुझ्या आईला आवडलं असतं." माझ्या आईला काय आवडलं असतं, ते तुम्ही मला सांगत होतात. मी घरात गेले. दुसऱ्या दिवशी त्या अकरा कड्या गुंफल्या, पक्कडीने दाबल्या, दिसायला सारख्या केल्या. रिबीट एकीलाही ठोकलं नाही. म्हटलं, झालं तुमचं चिलखत.

त्या ओळीवर तुम्ही अंगठा फिरवला नाहीत. फिरवायला माझ्या जवळ यावं लागलं असतं, आणि तेवढी तुम्हाला लाज होती. तुमची ती लाज मला दिसत होती, अहो. ती दिसून मी विरघळायला हवं होतं.

शेवंताचा तळ आला होता. तिला आणि तिच्या नवऱ्याला तुम्ही मुद्दाम बोलावलंत, शेजारचे चार जण जमले. तुम्ही अंगात बंडी घातलीत, वर चिलखत, बाभळीला पाठ लावून उभे राहिलात. म्हणालात, "पोत्यावर झालं, बोकडावर झालं. जे आपल्या अंगावर घेता येत नाही ते चिलखत नाही, भांडं आहे."

शेवंता माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाई, काय झालंय?"

"काही नाही."

तुम्ही हसत हसत सगळ्यांसमोर विचारलंत, "काय, आज घण आहे ना?"

मी म्हणाले, "आहे."

खोटं बोलले. सगळ्या आयुष्यात तुमच्याशी पहिलं खोटं बोलले, आणि ते तिथे.

तुम्ही खडूने छातीखाली गोल काढलात. नेमका तिथेच. जोडलेलं लोखंड तुम्हाला तपासायचं होतं ना. म्हणालात, "दोन लोखंडांचा हा माझा सांधा आहे. इथे मार." आणि बोटाच्या नखाने त्या गोलावर हलकेच टिक केलंत.

तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. थांबा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही म्हणालात, "जोरात हां. गजरा फेकल्यासारखा नको." लोक हसले. टिक झालं होतं आणि माझी कंबर फिरली होती. सगळ्या ताकदीने मारला. हळू मारता आला असता. नाही मारला हळू.

कड्या सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. किंचाळल्या नाहीत. नुसत्या उघडल्या, शेंग फुटावी तशा. भाला बंडीतून आत गेला, आणि मला हाताला कळलं की आता पुढे कापूस नाही. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्याकडे बघितलंत, मग खाली बघितलंत. चिलखताखालून रक्त धोतरावर यायला लागलं तेव्हा गुडघे टेकलेत. शेवंताने माझ्या हातातून भाला हिसकला आणि एक थोबाडीत ठेवून दिली. कोणाला कळलं नाही का मारली. मला कळलं.

भाला बरगडीवर अडला, म्हणून वाचलात. दोन बोटं जखम. डॉक्टरांना सांगितलंत, दाताळ्यावर पडलो. टाके घालताना माझा हात धरून होतात, आणि मी, तुमची बायको, तुमचे कपडे आणायच्या निमित्ताने घरी आले आणि रक्ताने चिकट झालेल्या चिलखतातून त्या उघडलेल्या अकरा कड्या वेचून पदरात बांधल्या. तुम्ही बघाल, रिबीट नाही हे तुम्हाला एका नजरेत कळेल, या भीतीने. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाले, "तुकडे झाले. झाडून टाकले."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "सांधा धरला नाही," म्हणालात. "तुझा नेम चुकत नाही. माझंच लोखंड चुकलं."

टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही घण उचललात, जो तुम्ही कधी उचलत नव्हतात, आणि भट्टी फोडलीत. एकेक घाव घालत, जखमेतून रक्त येईपर्यंत. ऐरण विहिरीत ढकललीत. मी दारात उभी राहून बघितलं. तेव्हा बोलले असते तर? तुम्ही तो घण माझ्या डोक्यात घातला असता, किंवा माझ्या पायाशी बसून रडला असतात. यातलं कोणतं, हे सात वर्षं ठरवतेय. दोन्ही चाललं असतं.

त्यानंतर तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नाहीत. फुलबाजारात माझ्याबरोबर पाट्या उचलायला यायला लागलात. सकाळी दारातून विचारायचात, "चहा घेतेस?" घणाचं विचारलं नाहीत. लोकांना वाटलं, नाना निवळले. मी तुमच्या हातचा चहा प्यायले सात वर्षं, आणि मला तो आवडायचा हो. माझं सुख त्या खोटेपणावर उभं होतं, आणि ते सुख होतं. हेही लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात, अंघोळ घालताना, छातीवरच्या त्या व्रणावर माझा हात गेला. तुम्ही म्हणालात, "आयुष्यात एकच गोष्ट मनापासून केली गं. तीही जमली नाही." मी पाणी ओतत राहिले. ओतत राहिले, म्हणून तुमच्या डोळ्यांतलं आणि माझ्या डोळ्यांतलं वेगळं दिसलं नाही.

तर आज सकाळी मी पेटीवरून उठले. देवघरातल्या डबीतून त्या अकरा कड्या काढल्या, सात वर्षं तिळाच्या तेलात ठेवल्या होत्या. मंगलला म्हटलं, गाडी काढ, पेठ नाक्याला चल. शेवंता आता एकटीच असते, दात गेलेत, पण मला तिने लगेच ओळखलं. तिच्या ऐरणीपाशी बसून मी एकेक कडी परत गोल केली, जागेवर गुंफली आणि रिबीट ठोकलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना दिसत होतं. मंगल विचारत होती, "आई, हे काय करतेस?" मी सगळं सांगितलं तिला. जे तुम्हाला सांगायचं होतं ते आधी लेकीला सांगितलं. ती उठून लांब जाऊन उभी राहिली. बरोबर आहे तिचं. बाप होता तिचा.

पोत्यात पेंढा भरला. त्यावर तुमची बंडी, भोकासकट. त्यावर चिलखत. लिंबाला टेकवून उभं केलं. भाला मी घेतला.

शेवंता म्हणाली, "थांब. घण हाय का आज?"

मी आईच्या खुरप्याचा राग शोधला. होता थोडा, तळाला. तुमच्यावरचाही शोधला. मग म्हटलं, "आहे."

तिने वाकून त्या जागेवर नखाने टिक केलं.

मारला. सत्तरीला आलेय, पण कमरेने मारला, शेवंताने शिकवला तसा, आणि तुम्ही म्हणाला होतात तसा, गजरा फेकल्यासारखा नाही. पोतं मागे लिंबावर आपटलं, वरून पानं गळली. भाल्याचा बांबू माझ्या हातात उभा चिरला, तळव्यात कुसळ गेलं, रक्त आलं. टोक वाकून बाजूला पडलं.

मंगल धावत आली. तिच्याआधी मी पोहोचले. डोळे मिटले आणि अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे. अकराच्या अकरा जागेवर. आईचं लोखंड कुठे संपतं आणि तुमच्या वाळूचं कुठे सुरू होतं, मला लागलंच नाही.

सांधा धरला आहे, अहो. पहिल्या दिवसापासून धरला होता.